पदवी विद्यापीठाची, वकील कॉलेजचा

जून महिना लागला की गोंदिया जिल्ह्यात घरोघरी दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी प्रवेशाची. बांधीत पऱ्हे टाकायचे असतात आणि घरातल्या मुलाला किंवा मुलीला कुठल्या तरी कॉलेजात टाकायचे असते. पऱ्ह्यांच्या बाबतीत आपली माणसे मोठी चोखंदळ. कोणत्या बांधीत पाणी थांबते, कोणते वाण कोणत्या जमिनीत येते, हे शेतकरी दहा जणांना विचारून ठरवतो. कॉलेजच्या बाबतीत मात्र एवढी चौकशी होतेच असे नाही. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी एक जण ठामपणे काही सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात.

आमगावकडच्या एका ओळखीच्या घरी असेच बसणे झाले. मुलगी बी.ए. झालेली, कायद्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळालेले, आणि आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. नागपूरचे मामा खास त्यासाठी आले होते. त्यांचे मत पक्के होते. "भाऊजी, डोळे मिटून नागपूर टाका. लहान गावच्या कॉलेजला कोण विचारतो?" वडील म्हणाले, "अहो, पदवी कॉलेजची थोडीच असते? विद्यापीठाची असते. इथे शिकली काय अन् तिथे शिकली काय, कागद एकच." शेजारचे काकाजी चहा पिता पिता म्हणाले, "कॉलेज कोणतेही घ्या, पण हजेरीची कटकट नसलेले घ्या. पोरगी घरी राहून वाचील, परीक्षेपुरती जाईल." आईची काळजी वेगळीच होती. नागपूरला राहायचे कुठे आणि महिन्याचा खर्च किती? एवढा वेळ गप्प बसलेल्या मुलीने मग एकच प्रश्न विचारला. "पण बाबा, यांतल्या कोणत्या कॉलेजात खरेच शिकवतात?"

त्या बैठकीत या प्रश्नाचे उत्तर कुणापाशीच नव्हते. मामांजवळ नव्हते, काकाजींजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. घरी परतताना वाटले, की विचारायला हवा तो प्रश्न एवढाच आहे, आणि तो आपण सोडून बाकीचे सगळे विचारत बसतो.

वडिलांचे म्हणणे चूक नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर-गडचिरोली तिकडे गेले. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे जुन्या विद्यापीठात राहिले. या चार जिल्ह्यांतल्या संलग्न विधी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, परीक्षा विद्यापीठ घेते आणि पदवीही विद्यापीठच देते. सनद देताना बार कौन्सिल विचारते ते एवढेच, की पदवी मान्य विद्यापीठाची आणि मान्यताप्राप्त कॉलेजातली आहे ना. त्या अर्थाने कागद एकच.

पण हा युक्तिवाद अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा समजायला थोडे दूर जाऊन पाहावे लागेल. आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. देशाचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. पुढे ते केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि परतल्यावर नागपूरला वकिली करता करता १९३५ ते १९४३ या काळात विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवत होते. हे विधी महाविद्यालय १९२५ मध्ये सुरू झालेले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते.

आता केंब्रिजची रीत पाहा. तिथेही एका विद्यापीठात अनेक कॉलेजे आहेत आणि विद्यार्थ्याला त्यांतले एक निवडावे लागते. पण व्याख्याने विद्यापीठाची असतात आणि ती सगळ्या कॉलेजांची मुले एकत्र बसून ऐकतात. परीक्षाही एकच. कॉलेज काय करते? राहायची-जेवायची सोय करते, ग्रंथालय देते आणि दोन-तीन मुलांना एका शिक्षकासमोर बसवून त्यांनी लिहिलेल्या निबंधाची चिरफाड करवून घेते. म्हणजे तिथे कॉलेज निवडताना थोडे चुकले, तरी विद्यापीठाचे व्याख्यान काही चुकत नाही.

आपल्याकडची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. आपले विद्यापीठ परीक्षा घेते, शिकवायचे काम मात्र सगळेच्या सगळे कॉलेजवर सोडलेले असते. कॉलेजने शिकवले तर मूल शिकते, नाही शिकवले तर त्याला शिकवायला दुसरे कुणी येत नाही. पदवी एकच असल्यामुळे कॉलेज कोणतेही चालेल, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे. उलट पदवी सारखी असल्यामुळे फरक कागदावर दिसत नाही. तो पाच-सहा वर्षांनी दिसतो, जेव्हा एक वकील न्यायालयात उभा राहून दावा वाचतो आणि दुसरा कोपऱ्यात उभा राहून तारीख मागतो.

काकाजींच्या सल्ल्याकडे वळू. तो सल्ला काही त्यांनी एकट्याने शोधून काढलेला नाही. कायद्याचे शिक्षण म्हणजे नोकरी सांभाळून, दुकान पाहून, शेती करून सवडीने घ्यायची पदवी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. एके काळी तिला काही आधारही होता. सकाळ-संध्याकाळ तास भरत, दिवसा माणसे कचेरीत जात, आणि त्यांतून चांगले वकीलही निघाले. पण ते वकील संध्याकाळच्या तासाला बसत होते, हे आपण विसरतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी कायद्याचा अभ्यासक्रम नियमित वर्गांचा ठरवला आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीची अट घातली. घरबसल्या, पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. असे असताना जिथे प्रवेश घ्यायचा आणि तोंड परीक्षेलाच दाखवायचे अशी सोय होते, तिथे विद्यार्थी फी भरतो ती कशाची? स्वतःच्या गैरहजेरीचीच नव्हे काय?

आणि यात फसवणूक कुणाची होते? कॉलेजची नाही, विद्यापीठाचीही नाही. फसतो तो उद्याचा अशील. देवरीकडचा एखादा म्हातारा वनहक्काच्या दाव्याचे कागद फडक्यात बांधून वकिलाकडे येतो, तेव्हा तो वकिलाची हजेरी किती टक्के होती हे विचारत नाही. तो काळा कोट पाहतो आणि विश्वास ठेवतो. डॉक्टर न शिकता डॉक्टर झाला तर आपण हादरतो. वकील न शिकता वकील झाला, तर 'काय बिघडते' म्हणतो. जमीन गेलेल्या माणसाला विचारा काय बिघडते ते.

मामांच्या सल्ल्यातही तथ्य आहे, पण तेही पुरते नाही. नागपूरची मोठी गोष्ट म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. तिथे जाऊन बसले की मोठे वकील कसे बोलतात, न्यायमूर्ती काय विचारतात, एका मुद्द्यावर किती निवाडे काढावे लागतात, हे डोळ्यांनी दिसते. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले शरद बोबडे याच खंडपीठापुढे वकिली करत मोठे झाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीश झाले. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांचे कायद्याचे शिक्षणही नागपूरचे. तेव्हा नागपूरचा मोह खोटा नाही.

पण नागपूरला राहणे आणि नागपुरातल्या कॉलेजात नाव असणे, यांत अंतर आहे. गोंदिया ते नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. गाडी वेळेवर असली तर दोन-अडीच तास लागतात आणि नसली तर ते गाडीच्या मर्जीवर. तिरोड्याचा मुलगा याच मार्गावर असल्याने त्याला थोडे बरे. आमगाव-सालेकशाच्या मुलाला आधी गोंदिया गाठायचे, मग पुढे. अर्जुनी मोरगावचा मुलगा बल्लारशाच्या मार्गावर आणि देवरीचा मुंबई-कोलकाता महामार्गावर. त्यांची वाटच निराळी. रोज जाऊन-येऊन पाच-सहा तास प्रवासात घालवणारा विद्यार्थी पहिल्या महिन्यात उत्साहाने जातो, दुसऱ्यात आठवड्यातून तीनदा जातो आणि रोवणी लागली की जातच नाही. मग नागपूरचे नामांकित कॉलेज त्याच्या दृष्टीने काकाजींच्या बिनहजेरीच्या कॉलेजासारखेच होऊन बसते. त्यापेक्षा जवळचे साधे कॉलेज, जिथे तो रोज अकरा वाजता वर्गात असेल, ते शंभर पटीने चांगले. मात्र तिथे वर्ग भरत असले पाहिजेत, ही अट कायम.

म्हणून नाव आणि सोय या दोन्ही कसोट्या बाजूला ठेवाव्यात आणि मुलीच्या प्रश्नाला धरून कॉलेज पाहावे. ते कसे पाहायचे, याचे काही साधे मार्ग आहेत. त्यांना ओळख लागत नाही की वशिला.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्यक्ष जाणे. प्रवेशाच्या दिवसांत नव्हे. त्या दिवसांत सगळीच कॉलेजे लग्नघरासारखी सजलेली असतात. शक्य असेल तर आदल्या वर्षीच, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, अकराच्या सुमारास जावे. वर्गात मुले आहेत का? फळ्यावर आजची तारीख आहे का? शिक्षकांच्या खोलीत कुणी बसलेले आहे का? फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले भेटतील. त्यांना विचारावे, "काल कोणता तास झाला?" उत्तर चटकन आले तर ठीक. मुले एकमेकांकडे पाहून हसली, तर तेही उत्तरच आहे.

दुसरा मार्ग ग्रंथालयाचा. इथे तर अगदी सोपी परीक्षा घेता येते. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. १८६० ची दंड संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा नव्या घटनांपुरते मागे पडले, जुनी प्रकरणे मात्र अजून चालू आहेत. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला जुने आणि नवे दोन्ही कायदे लागणार. ग्रंथालयात जाऊन नव्या तिन्ही कायद्यांवरची पुस्तके मागावीत. ती आहेत का, किती प्रती आहेत आणि त्या मुलांच्या हाती लागून मळल्या आहेत की कपाटात कोऱ्या करकरीत आहेत, हे पाहावे. चार चकचकीत इमारतींपेक्षा एक मळलेले पुस्तक कॉलेजविषयी जास्त खरे सांगते.

तिसरा मार्ग कामाचा. कायद्याच्या अभ्यासक्रमात हल्ली केवळ कलमे पाठ करून भागत नाही. दावा लिहिणे, खरेदीखत तयार करणे, व्यवसायाची नीती, तडजोडीचे मार्ग, अभिरूप न्यायालय, हे सगळे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सक्तीचे आहे. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी करायची असते. ती वकिलाकडे, न्यायालयात किंवा एखाद्या संस्थेत करता येते. कॉलेजला विचारावे, की मागच्या वर्षी मुले उमेदवारीला कुठे गेली होती. अभिरूप न्यायालयाची खोली दाखवा म्हणावे. त्या खोलीत मोडकी बाके रचून ठेवली असतील, तर समजून घ्यावे. आणि विधी साहाय्य केंद्र चालते का, तेही विचारावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत देऊ केली आहे. ज्या कॉलेजची मुले गावोगाव जाऊन हे सांगतात, अर्ज लिहून देतात, त्या मुलांना शिकवायला वेगळे शिक्षक लागत नाहीत. गावची माणसेच त्यांना शिकवतात.

चौथी गोष्ट भाषेची. आपल्या जिल्ह्यात घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली नाही तर छत्तीसगढी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी, असा सगळा मामला. खालच्या न्यायालयांत १९९८ च्या अधिसूचनेने मराठीला स्थान दिले, उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीच चालते. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत उभे करणारे आणि त्याच वेळी चांगले मराठी दावे लिहायला शिकवणारे शिक्षक कुठे आहेत, हे पाहावे. केवळ इंग्रजीचा दरारा घालणारे कॉलेज मुलाला गप्प करते. केवळ मार्गदर्शिकेतले प्रश्नोत्तर पाठ करून घेणारे त्याला खालीच ठेवते. लिहिलेला कागद तपासून, लाल खुणा करून परत देणारा एक शिक्षक जरी असला, तरी त्या कॉलेजचे पारडे जड समजावे.

आता पैशाचे. आई विचारत होती तो प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत कमी मोकळेपणाने बोलला जाणारा. राज्यात कायद्याचे प्रवेश २०१६ पासून सामाईक परीक्षेतून होतात आणि त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत. आपले कॉलेज आणि आपला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला जूनमध्ये नव्हे, उन्हाळ्यातच काढून ठेवावा. तहसीलच्या दारात जून महिन्यात किती गर्दी असते, हे काय सांगायला हवे?

मात्र फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, खानावळ आणि रेल्वेचा पास माफ होत नाही. तेव्हा फीच्या आकड्याशेजारी हा आकडाही मांडावा आणि तीन किंवा पाच वर्षांनी गुणावा. पाच वर्षे बाहेर ठेवणे झेपत नसेल, तर बारावीनंतर जवळच्या कॉलेजातून बी.ए. किंवा बी.कॉम. करून मग तीन वर्षांचा कायदा घ्यावा. हा रस्ता कमी प्रतीचा मुळीच नाही. नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. पण ते स्वतंत्र विद्यापीठ असून तिथला प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो आणि खर्चही वेगळ्याच पायरीवरचा आहे. मूल हुशार असेल तर ती परीक्षा जरूर द्यावी. मिळाले तर आनंद, आणि नाही मिळाले तर आयुष्य संपले असे समजू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. कॉलेजला विद्यापीठाची संलग्नता आणि बार कौन्सिलची मान्यता, दोन्ही आहेत का, हे कागद पाहूनच खात्री करावी. 'मान्यता लवकरच येईल' या वाक्यावर मुलाची तीन वर्षे पैजेला लावू नयेत. कॉलेजांची संख्या वाढली, दर्जा घसरला, या चिंतेने बार कौन्सिलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवी विधी महाविद्यालये उघडण्यावर तीन वर्षांची बंदी घातली. रोग जाणवला, हे यावरून दिसते. औषध किती लागू पडते, ते पुढे कळेल.

आणखी पुढचे पाहू, कारण कॉलेज हा शेवट नव्हे. पदवीनंतर सनद घ्यायची. त्यासाठी निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिली वाटेल तशी रक्कम घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ती कायद्यात लिहिल्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापुढे नेता येणार नाही असे सांगितले. गरीब घरच्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये सांगितले. नाममात्र हजेरी लावून पदवी घेतलेली मुले इथे पहिल्यांदा अडखळतात.

त्यापुढची पहिली दोन-चार वर्षे कमाईची नसतातच. ज्येष्ठांनी उमेदवार वकिलांना काही विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिलने २०२४ मध्ये केली, पण शिफारस ती शिफारस. न्यायाधीश व्हायचे म्हटले तरी आता थेट कॉलेजातून परीक्षेला बसण्याचे दिवस राहिले नाहीत. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षे वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा आणली. म्हणजे घरच्यांनी शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यापुढची तीन वर्षे, असा सहा वर्षांचा हिशेब मांडला पाहिजे. सगळी पुंजी शहरातल्या खोलीभाड्यात संपवून पदवीच्या दिवशी मुलाला रिकाम्या हाताने उभे करण्यापेक्षा, थोडे त्या पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

इथे लहान गावचे म्हणून मनात जो न्यूनगंड असतो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. भूषण गवई अमरावतीचे. कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची, जे १९८३ मध्ये स्थापन झाले, म्हणजे तेव्हा अगदीच नवे होते. १९८५ च्या मार्चमध्ये त्यांनी वकिली सुरू केली, ज्येष्ठांच्या हाताखाली काम केले, पुढे नागपूर खंडपीठात नाव कमावले आणि १४ मे २०२५ रोजी ते देशाचे सरन्यायाधीश झाले. प्रत्येक मूल सरन्यायाधीश होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण पदवीवरचे विद्यापीठ नवे की जुने, गाव मोठे की लहान, यावर वाट अडत नाही, एवढे यावरून कळते. वाट अडते ती शिकायचे दिवस वाया घालवल्याने.

आणि खरे सांगायचे तर आपल्या जिल्ह्याला चांगल्या वकिलांची फार गरज आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. मामा तलावाच्या पाण्याचे वाद, सातबाऱ्यावरच्या नोंदी, वारसांची भांडणे, धानाच्या चुकाऱ्याची प्रकरणे, तेंदूपत्त्याची मजुरी, नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान, हे आपले रोजचे प्रश्न. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेपासून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. प्रत्येक पायरीवर पुरावा लागतो, नकाशा लागतो, मुदतीत अपील लागते. हा कायदा नागपूरच्या वर्गात शिकता येतो. पण तो चालतो कसा, हे सालेकसा आणि देवरीच्या गावांत बसल्याशिवाय समजत नाही. घराजवळ शिकणाऱ्या मुलाच्या पदरी ही एक मोठी शिदोरी असते. फक्त ती उघडायला लावणारे कॉलेज मिळाले पाहिजे.

आमगावच्या त्या घरी मी नंतर पुन्हा गेलो, तेव्हा पसंतीक्रम भरून झाला होता. बाप-लेकी दोन दिवस फिरल्या होत्या. एका कॉलेजात त्यांना कुणी आत घेतले नाही. एका ठिकाणी शिपायाने सांगितले, की साहेब परीक्षेच्या वेळी येतात. आणखी एका कॉलेजात, जे ना सगळ्यांत मोठे होते ना सगळ्यांत जवळचे, एका बाईंचा तास चालू होता. त्यांनी बाप-लेकींना मागच्या बाकावर बसू दिले. तासानंतर मुलीला विचारले, "काय समजले?" मुलीने सांगितले. बाईंनी तिची एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाल्या, "आलीस तर पहिल्या बाकावर बस."

यादीत ते कॉलेज पहिले होते. मामा थोडे नाराज होते. काकाजींनी विचारले, "पण हजेरीचे कसे?" वडील म्हणाले, "काकाजी, हजेरी लावायलाच तर पाठवतो आहे." आई खोलीभाड्याचा हिशेब वहीत लिहीत होती. बाहेर पहिला पाऊस सुरू झाला होता.